तार कुणी दिली?

अप्पा एप्रिलमध्ये आले आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाले, तो ब्रुकलिनचा पूल बघायचाय. स्वातंत्र्यदेवी नको, टाइम्स स्क्वेअर नको, मॉल तर नकोच. जेट लॅग अजून उतरला नव्हता, पहाटे तीनला उठून किचनमध्ये चहाची खुडबुड चालायची, पण पुलाचं मात्र पक्कं होतं. मग शनिवारी जर्सी सिटीहून पाथ ट्रेन पकडली, वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलो आणि सिटी हॉलच्या बाजूनं चालत चालत पुलावर चढलो. वारा असा की अप्पांची कानटोपी दोनदा उडता उडता राहिली. पायाखाली लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना आपल्यापेक्षा खाली गाड्यांच्या लेन, टायरचा एकसारखा घूंऽऽ आवाज तळपायातून वर येतो. मी आपली गाइडच्या थाटात सुरू होते, अप्पा हा १८८३ साली उघडला, तेव्हा जगातला सगळ्यात लांब झुलता पूल होता, मधला गाळा, म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर, ४८६ मीटर, वगैरे वगैरे, सगळं आदल्या रात्री मोबाईलवर वाचलेलं. पहिल्या टॉवरच्या दगडी कमानीखाली ते थांबले. मागनं येणाऱ्या सेल्फीवाल्यांना आमचा अडथळा होत होता, पण त्यांना त्याचं काही नाही. मान वर करून त्या केबलकडं बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं,

"तार कुणी दिली?"

मी म्हटलं, कुणी म्हणजे? तर म्हणाले, "सप्लायर कोण होता गं?" मी हसले. खरंच मोठ्यानं हसले, कारण जगभरची माणसं इथं सूर्यास्त बघायला येतात, प्रपोज करायला येतात, आणि ह्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वीचा सप्लायर पाहिजे. अप्पा हसले नाहीत. "नसंल माहिती तर राहू दे" म्हणाले आणि हात मागे बांधून पुढं चालायला लागले. साइटवर चालायचे तसेच.

ते हसणं मला दिवसभर टोचत राहिलं. अप्पांनी आयुष्यभर सरकारी खात्यात रस्ते आणि छोटे पूल केले, बहुतेक सगळे सातारा जिल्ह्याच्या कोरड्या बाजूला, जिथं ओढ्याला अकरा महिने पाणी नसतं आणि एक दिवस असं येतं की म्हशी वाहून जातात. आमच्या घरात टी-स्क्वेअर, ब्लू प्रिंट, आणि 'एमबी' म्हणजे मोजमाप पुस्तक, ह्या वस्तू देवघराइतक्याच नॉर्मल होत्या. एमबीला आम्ही भावंडांनी हात लावलेला चालायचा नाही. आणि त्या माणसानं जगातल्या एवढ्या मोठ्या पुलावर उभं राहून जो पहिला प्रश्न विचारला तो मी जोक समजून उडवून लावला.

रात्री ते झोपल्यावर वाचायला बसले. अकराला बसले ते दीड वाजला.

पुलाची गोष्ट सुरू होते तीच अपघातानं. जॉन रोबलिंग, जर्मनीहून आलेला, ट्रेंटनला म्हणजे आमच्याच न्यू जर्सीत वायर रोपचा कारखाना काढलेला माणूस. पुलाचं डिझाइन त्याचं. १८६९च्या जूनमध्ये तो ब्रुकलिनच्या बाजूला फेरीबोटीच्या धक्क्यावर उभा राहून टॉवरची जागा नक्की करत होता, बोट येऊन धक्क्याला धडकली आणि त्याचा पाय लाकडांमध्ये चिरडला. धनुर्वात झाला, महिन्याच्या आत गेला. ज्या फेऱ्या बंद पडाव्यात म्हणून पूल बांधायचा त्यातल्याच एका फेरीनं पूल बांधणाऱ्याला घेतलं, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं की फारच ओढून ताणून आणलंय. मग जबाबदारी आली मुलावर, वॉशिंग्टन रोबलिंगवर, वय ३२.

टॉवरचा पाया कसा घातला ते वाचताना मात्र मला अप्पांना झोपेतून उठवावंसं वाटलं. आपल्याकडं नदीत विहीर उतरवतात ना, खाली धारदार कडं, वर बांधकाम चढवत जायचं, आतली वाळू काढत जायची की स्वतःच्या वजनानं ती खाली बसत जाते, तसंच, फक्त हे उलटं घातलेलं लाकडी खोकं. १६८ फूट बाय १०२ फूट. विचार करा, आमच्या गावाकडच्या शाळेचं अख्खं पटांगण त्याच्या आत बसेल. पाणी आत येऊ नये म्हणून वरून दाबानं हवा भरायची, पालथा तांब्या पाण्यात दाबल्यावर होतं तसं, आणि त्या हवेत माणसं उतरून मेणबत्तीच्या उजेडात चिखल आणि धोंडे फोडायची. दिवसाला दोन डॉलर. दाबामुळं आवाज चिरका व्हायचा, म्हणजे धिप्पाड माणूस बोलायचा ते पोरीसारखं. १८७०च्या डिसेंबरमध्ये ब्रुकलिनच्या खोक्याला आतून आग लागली, छताच्या लाकडात धुमसत राहिली, शेवटी सगळं पाण्यानं भरून टाकावं लागलं तेव्हा विझली. आणि ब्रुकलिनला ४४ फुटांवर भागलं ते मॅनहॅटनला ७८ फुटांवर गेलं. तिथं माणसं पडायला लागली. वर आली की सांधे धरायचे, पोटात कळा, पाय लुळे. दाबात रक्तात मुरलेला नायट्रोजन भरकन वर आल्यावर बुडबुडे होऊन सुटतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा, हे आता शाळेतलं पोरही सांगेल, तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. कामावरच्या डॉक्टरनं शंभराच्या वर केसेस नोंदवल्या. खडक अजून खालीच होता, आणि रोबलिंगनं ठरवलं की बास, इथंच थांबायचं, वाळूवर. मॅनहॅटनचा टॉवर अजूनही त्या घट्ट बसलेल्या वाळूवर उभा आहे. ह्या निर्णयाबद्दल मला त्याच्या बाकीच्या सगळ्या कामापेक्षा जास्त आदर वाटतो. तो स्वतःही त्या खोक्यात सारखा उतरायचा आणि १८७२ला आडवा झाला, त्यानंतर साइटवर उभं राहून काम करून घेणं त्याच्या नशिबात नव्हतं. बांधकामाची शेवटची काही वर्षं ब्रुकलिन हाइट्सच्या घरातून खिडकीत बसून दुर्बिणीनं पूल बघायचा.

मग त्याची बायको, एमिली. सुरुवातीला त्याची पत्रं लिहून घ्यायची, मग ड्रॉइंग, मग केबलचं गणित, मटेरियलची ताकद, सगळं शिकली, रोज साइटवर जाऊन असिस्टंट इंजिनिअरांना सूचना द्यायची. लोकांना शंका यायला लागली की चीफ इंजिनिअर नक्की कोण आहे. नंतर पन्नाशीच्या पुढं कायद्याचा कोर्सही केला बाईनं. टॉवरवर तिच्या नावाची पाटी आहे, त्यावर नवरा आणि सासराही आहेत, पण नाव आधी तिचं. पाटीसमोर अप्पा सकाळी थांबले होते, चष्मा वर करून पूर्ण वाचली होती, आणि काहीच संदर्भ नसताना म्हणाले होते, "तुझ्या आईचं अक्षर चांगलं होतं." मी तेव्हा नुसतं हं म्हटलं. आई रात्री जेवणं झाल्यावर अप्पांचे एस्टिमेट फेअर करून द्यायची, कार्बन घालून, तीन प्रती. मला ते घरकामच वाटायचं, निवडणं-टिपणं असतं तसं. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली.

आणि मग साधारण एकच्या सुमाराला तो सप्लायर सापडला.

जे. लॉइड हेग. ब्रुकलिनचाच वायरवाला. म्हणजे झालं असं की तारेचं कंत्राट रोबलिंगच्या घरच्या कारखान्याला मिळू नये म्हणून पुलाचा कारभार बघणाऱ्या ट्रस्टींनी ठराव केला, ज्याचा पुलाच्या कामाशी संबंध त्याच्या कंपनीला टेंडर नाही. तत्त्व म्हणून बरोबरच, कुणीही टाळ्या वाजवील. ठराव मांडणारा एब्रम ह्यूइट, पुढं न्यूयॉर्कचा मेयर झालेला. ह्याच ह्यूइटकडं हेगचा कारखाना गहाण होता असं नंतर कळलं. टेंडर हेगला. पोलादी तार, वर जस्ताचं पाणी, साधारण सायकलच्या दोन स्पोक एकत्र धराव्यात एवढी जाड. तोपर्यंत झुलत्या पुलाला लोखंडी तारा असायच्या, मोठ्या पुलाच्या मुख्य केबलला पोलाद ही पहिलीच वेळ, म्हणून टेस्टिंग कडक. प्रत्येक वेटोळं कारखान्यात ताणून, वाकवून बघायचं, पास झालं की इन्स्पेक्टर सर्टिफिकेट देणार आणि माल गाडीत चढणार. हेगनं काय करावं? पास झालेली गाडी निघायची, वाटेत दुसऱ्याच एका जागी थांबायची, तिथं चांगली तार उतरवून नापास झालेली चढवायची, ती सर्टिफिकेटसकट पुलावर. आणि चांगली तार मागल्या दारानं परत कारखान्यात, पुन्हा टेस्टला. तीच तार पुन्हा पुन्हा पास होत राहिली. १८७८च्या उन्हाळ्यात पाळत ठेवून पकडलं तोपर्यंत दोनशे टनांच्या वर खराब तार केबलमध्ये गुंफून झाली होती. आणि ती काढता येत नाही. एकेक तार नदीच्या ह्या काठावरून त्या काठावर नेत, शेजारी शेजारी लावून, बांधून केबल बनते, त्यातली आतली तार ओढून कशी काढणार, पोह्यातली मोहरी आहे का ती.

सकाळी चहाबरोबर अप्पांना हे सगळं सांगितलं. मला वाटलेलं मी सरप्राइज देतेय. गाडी वाटेत थांबायची इथपर्यंत आले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"क्यूब वेगळे, स्लॅब वेगळा," म्हणाले.

ज्यांच्या घरात सिव्हिल इंजिनिअर नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरायचे असतात, ते पाण्यात ठेवून सात दिवसांनी, अठ्ठावीस दिवसांनी लॅबमध्ये दाबून फोडतात, किती ताकद भरली त्यावर काम पास. ठेकेदार काय करतो, क्यूब भरायला वेगळा माल कालवतो, सिमेंट सढळ हातानं घालून, आणि स्लॅबमध्ये जातो तो वेगळाच. लॅबचा रिपोर्ट खोटा नसतो. खोटं काहीच नसतं, सही, शिक्का, आकडा, सगळं खरं. फक्त तो आकडा ज्या पुलाचा आहे तो पूल कुठंच नसतो. हेगनं हेच केलं होतं, शंभर वर्षं आधी, ईस्ट रिव्हरवर.

अप्पांना रोबलिंगनं पुढं काय केलं ते ऐकायचं होतं. तेवढंच. हेगला काय शिक्षा झाली हे त्यांनी विचारलंही नाही (ह्या प्रकरणासाठी काहीच झाली नाही, पुढं दुसऱ्याच एका आर्थिक भानगडीत जेलमध्ये गेला). तर रोबलिंगनं अंथरुणातून हिशोब मांडला. केबल धरली होती लागणाऱ्या ताकदीच्या सहा पट. खराब तार सगळी धरूनसुद्धा पाच पट शिल्लक राहते. मग प्रत्येक केबलमध्ये दीडशे तारा जादा घालायच्या, त्या हेगच्या खर्चानं. तसं झालं. चारी केबल पूर्ण झाल्या, एकेकीत पाच हजारांवर तारा, आणि एकेका केबलमधल्या तारा सोडवून सरळ रेषेत पसरल्या तर साडेतीन हजार मैल. ती खराब तार आजही आत आहे. काल आपण तिच्याखालूनच चाललो. शिवाय टॉवरवरून पंख्यासारख्या तिरक्या उतरणाऱ्या तारा थोरल्या रोबलिंगनं आधीच घालून ठेवलेल्या, त्याचं म्हणणं होतं की मुख्य केबल तुटल्या तरी पूल मध्ये लोंबेल, पडणार नाही. त्या तिरक्यांचाही भरवसा कायमचा नाही म्हणा, १९८१ साली त्यातल्याच दोन तुटल्या आणि एक पादचारी त्यात गेला. मग बदलल्या.

"सहा पट," अप्पा म्हणाले. "आम्हाला दीडसुद्धा भांडून घ्यायला लागायचं." हे काही टेक्निकली बरोबर वाक्य नसावं, ते चिडून बोलत होते. पण कुणावर ते मला कळेना.

दुपारी कळलं. मी लॅपटॉपवर होते (मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, शुक्रवारी संध्याकाळी डोळे झाकून 'पास' लिहिलेलं मीही केलंय, त्यामुळं कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही), ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले, आणि तिथूनच बोलायला लागले, माझ्याकडं न बघता. एक ओढा. तीन गाळ्यांचा पूल. त्यांची नवीनच पोस्टिंग, मी तेव्हा दुसरीत असेन. पहिला गाळा त्यांच्या गैरहजेरीत ओतला, ते आजीच्या दिवसांना गावी गेले होते. परत आले तर सेंटरिंग लागलेलं, काम झालेलं, क्यूब भरलेले, अठ्ठावीस दिवसांनी रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास. इतका फर्स्ट क्लास की त्यांना तिथंच शंका आली. सेंटरिंग काढल्यावर खालून बघितलं, एका कोपऱ्यात खडी उघडी, हातोडी मारली तर आवाज बद्द. वर सांगितलं. वरून उत्तर आलं की रिपोर्ट पास आहे ना. ठेकेदाराचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"मग?"

"मग काय. सही केली."

थोड्या वेळानं म्हणाले, "राहिलेल्या दोन गाळ्यांना सळ्या वाढवल्या. जवळचीजवळ बांधून घेतल्या. एस्टिमेटच्या वर जातंय म्हणून माझ्याच पगारातनं कापायला निघाले होते. आणि ओतताना हललो नाही तिथनं, जेवलोपण तिथंच." पहिल्या गाळ्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मला एकदम आमचं ते जुनं क्वार्टर आठवलं. पावसाळ्याच्या रात्री, परतीचा पाऊस धरला की अप्पा अंगणात येऊन उभे राहायचे, आभाळ पूर्वेला गडगडत असायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर जाऊन त्या बाजूनं आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारायचे, ओढ्याला किती होतं? पूल चालू आहे ना? आम्हाला वाटायचं ह्यांना ड्यूटीचं किती. बदली होऊन पार कोकणाच्या बाजूला गेलो तरी ते फोन लावायचे त्या गावच्या सरपंचाला, ट्रंक कॉल असायचे तेव्हा. आई एकदाच म्हणाली होती, आता तुमचा राहिलाय का तो पूल? ह्या सगळ्याचा अर्थ मला जर्सी सिटीच्या बाल्कनीत बसून, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी लागला. आणि खरं सांगू, नक्की काय वाटलं ते अजून धड सांगता येत नाही. राग आला. सही करायची नव्हती ना मग. आणि त्याच वेळी त्या जवळजवळ बांधलेल्या सळ्या डोळ्यासमोर येत होत्या, बाइंडिंग वायर पिळताना त्यांच्या बोटांना पडलेले काप, जे आई हळद लावून बांधायची.

रोबलिंगनं निदान हिशोब मांडून दाखवला, लोकांसमोर. आणि तरीही तो गडी १८८३च्या २४ मेला उद्घाटनाला गेलाच नाही. राष्ट्राध्यक्ष आर्थर पूल चालत ओलांडून त्याच्या घरी आला हात मिळवायला. एमिली आधीच एकदा बग्गीतून पुलावरून जाऊन आली होती, मांडीवर कोंबडा घेऊन, विजयाचं चिन्ह म्हणून. समारंभात मुख्य भाषण कुणाचं, तर ह्यूइटचं. असतंच असं. सहा दिवसांत, ३० मेला, जिन्यावर एक बाई पडली, कुणीतरी ओरडलं, पूल कोसळतोय अशी हूल उठली आणि चेंगराचेंगरीत बारा माणसं गेली. पुलाला ओरखडासुद्धा नाही. पुढच्या वर्षी सर्कसवाल्या बार्नमनं २१ हत्ती पुलावरून चालवले, तेव्हा कुठं लोकांची भीती मोडली. हे हत्तीचं सांगितल्यावर अप्पा पहिल्यांदा मोकळे हसले. "लोड टेस्ट!" म्हणाले. "आम्ही वाळूची पोती ठेवायचो."

जायच्या आधी त्यांना पुन्हा पुलावर जायचं होतं. ह्या वेळी मी गाइडगिरी केली नाही. भर उन्हाळा, फळ्यांमधून गरम वाफ, हातात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली पिशवी. केबल टॉवरवरून उतरत उतरत मध्यावर अगदी आपल्या उंचीला येते, तिथं ते थांबले. पाऊण हात जाडीची, रंग दिलेली, गुळगुळीत, आतलं काही दिसत नाही. हाताशी आलेल्या एका उभ्या तारेला त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला नाही, लोक बघत होते म्हणून असेल. मग ब्रुकलिनच्या बाजूला उतरून धक्क्यावर बसलो, त्याच बाजूला जिथं थोरल्या रोबलिंगचा पाय चिरडला होता. आता तिथं आइस्क्रीमसाठी रांग असते. अप्पांनी धपाटं खाल्लं, पुलाकडं पाठ करून.

सप्टेंबरमध्ये ते परत गेले. ऑक्टोबरमध्ये एकदा रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आला, काही लिहिलेलं नाही. तीन गाळ्यांचा बुटका पूल, कठडा एका ठिकाणी तुटलेला, खाली ओढ्यात गुडघाभर गढूळ पाणी, आणि वर रस्त्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीतरी बाजरीची कणसं पसरून ठेवलेली, गाड्यांच्या चाकाखाली मळून निघायला. एक रिकामा ट्रॅक्टर मधोमध उभा, पहिल्या गाळ्यावर का दुसऱ्या ते फोटोवरून समजत नाही. मी बराच वेळ झूम करून खालचा कोपरा बघत राहिले, पण तिथं सावली होती.

मग त्यांचा मेसेज आला. त्या १५० तारा सगळ्या मिळून की प्रत्येक केबलला?

मी लिहिलं, प्रत्येक केबलला.

बरं, असं आलं, आणि ते ऑफलाइन गेले.